पडद्यावरचे खेळ आणि त्यांची पारख

पालकसभेच्या दिवशीं आम्हांस विचारले जाणारे प्रश्न पूर्वीं ठरलेले असत. मुलाचें गणित कच्चें कां, अक्षर सुधारेल काय, शिकवणी लावावी काय, इत्यादि. गेल्या कांहीं वर्षांत त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. आणि तो बहुधा सर्वांत शेवटीं, उठतां उठतां, जरा खालच्या स्वरांत विचारला जातो. "सर, मोबाइलवर तो जो खेळ खेळतो, तो त्याच्या वयास योग्य आहे काय?" विचारणारांत पंचवटींतील दुकानदार असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगार असतात, निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाईतदार असतात, आणि डॉक्टर-वकीलहि असतात. खेळाचें नांव काय, असें आम्हीं उलट विचारलें म्हणजे मात्र पुष्कळांची अडचण होते. "तो बंदुकीचा," "तो ठोकळ्यांचा," याहून अधिक कांहीं सांगतां येत नाहीं. भाजी घेतांना जी माउली प्रत्येक वांगें उलटून पाहते, तीच माउली या बाबतींत न पाहतां पिशवी पुढें करते. यांत तिचा दोष थोडा आहे. भाजीची पारख तिला तिच्या आईनें शिकविली, या मालाची पारख शिकविणारें कोणी भेटलेंच नाहीं. ती कशी करावी याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. लेख जितका पालकांकरितां आहे तितकाच विद्यार्थ्यांकरितांहि आहे. किंबहुना खेळाची खरी माहिती विद्यार्थ्यांनाच असल्यामुळें, या कामीं त्यांचें साह्य घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं.

खेळ बरा कीं वाईट, हा वाद आपल्या देशांत जुनाच आहे. फांशांच्या खेळांत धर्मराजानें राज्य, बंधु व पत्नी यांस पणास लाविलें, ही महाभारतांतील कथा लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु दान टाकूनच खेळावयाचा मोक्षपटहि आपल्याकडे होता. तो ज्ञानेश्वरांनीं रचिला असें परंपरा सांगते. त्यांतील शिड्या म्हणजे सद्गुण व साप म्हणजे दुर्गुण; कोणत्या कर्मानें मनुष्य वर चढतो व कोणत्यानें खालीं येतो, हें मुलास खेळतां खेळतां कळावें, अशी त्याची योजना. हा पट 19व्या शतकांत इंग्लंडांत गेला, तेथून अमेरिकेंत पोंचला, आणि 1943 सालीं तेथील मिल्टन ब्रॅडली कंपनीनें सापांच्या जागीं घसरगुंड्या घालून तो विकावयास काढला. दोन्ही खेळांत दान पडतें तें नशिबानेंच. मग एका खेळानें घर बुडविलें आणि दुसरा आजीनें नातवंडांस मांडून दिला, असें कां? पणास काय लावलें आहे, समोर कोण बसलें आहे आणि डाव संपतो केव्हां, यांवरून तो भेद पडला. पडद्यावरील खेळांसहि आम्ही हेच विचारूं इच्छितों.

व्यवहारांत मात्र विचारला जातो तो निराळाच प्रश्न: खेळांत मारामारी व रक्त किती? या प्रश्नाचाहि एक इतिहास आहे. अमेरिकेंत 1993 च्या डिसेंबरांत सिनेटपुढें या विषयाची मोठी सुनावणी झाली. मॉर्टल कॉम्बॅट नांवाच्या खेळांत हरलेल्या योद्ध्याचा ज्या अमानुष रीतीनें वध दाखविला होता, त्यावर तेथें फार टीका झाली. सरकार कायदा करील या धास्तीनें खेळ बनविणाऱ्या कंपन्यांनीं 1994 सालीं ईएसआरबी नांवाचें मंडळ आपणच काढलें, व तें प्रत्येक खेळावर वयाची खूण घालूं लागलें. युरोपांत 2003 पासून पेगी नांवाची तशीच पद्धति सुरू झाली. तिचे आंकडे 3, 7, 12, 16 व 18 असे आहेत. आपल्याकडे अँड्रॉइड फोनवरील प्ले स्टोअरमध्यें खेळाच्या नांवाखालीं जो 12+ किंवा 16+ असा आंकडा दिसतो, तो याच घराण्यांतला. पुष्कळांस तो चित्रपटाच्या सेन्सॉर दाखल्यासारखा वाटतो. तसा तो नव्हे. चित्रपट मंडळाचीं माणसें बसून पाहतात. येथें खेळ बनविणाराच एक प्रश्नपत्रिका भरून देतो (रक्त दिसतें काय, शिव्या आहेत काय, जुगार आहे काय) आणि त्याच्या उत्तरांवरून आंकडा निघतो. खोटें उत्तर उघडकीस आलें तर आंकडा बदलतात हें खरें. तथापि विद्यार्थ्यानें स्वतःच आपला पेपर तपासावा, त्यांतलाच हा कांहींसा प्रकार आहे.

म्हणून आंकडा निरुपयोगी आहे असें कोणी समजूं नये. ज्यावर 16+ लिहिलें आहे तो खेळ चौथीच्या मुलाच्या हातीं देऊं नये, यास वेगळें प्रमाण नको. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आंकडा पडद्यावर काय दिसतें तें सांगतो. पडद्यापलीकडे कोण आहे हें सांगत नाहीं. ईएसआरबी मंडळानें तर तशी सूचनाच खेळांवर छापली: खेळणारांचा आपसांत जो संवाद होतो, तो या आंकड्यांत धरलेला नाहीं. ही सूचना वाचणारा पालक आम्हांस अद्यापि भेटावयाचा आहे.

आंकडा आणि बंदी यांवर विसंबल्यानें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें. पबजी मोबाइल हा खेळ 2018 सालीं आला व वर्षभरांत घरोघरीं पोंचला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रें गोळा करतात, एकमेकांस मारतात, आणि शेवटीं एक खेळाडू किंवा एक तुकडी उरते, असा तो खेळ. 2019 सालीं मुंबईच्या एका 11 वर्षांच्या मुलाच्या वतीनें त्याच्या आईनें या खेळावर बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयांत दाखल केली, आणि न्यायालयानें केंद्र सरकारच्या खात्यास खेळ तपासून पाहण्यास सांगितलें. पुढें 2 सप्टेंबर 2020 रोजीं बंदी आली खरी. परंतु ती 118 ॲपांच्या यादींत, देशाचें सार्वभौमत्व, संरक्षण व सुरक्षितता या कारणांस्तव. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर त्या हुकुमांत कोठेंच नव्हतें. नंतर 2021 च्या जुलैंत तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया असें नवें नांव घेऊन परत आला. रक्ताचा रंग हिरवा झाला होता, आणि 18 वर्षांखालील खेळाडूंस कांहीं बंधनें घातलीं होतीं: पालकांचा फोन नंबर द्यावा, दिवसांतून 3 तासांहून अधिक खेळूं नये, आणि दिवसाला 7,000 रुपयांहून अधिक खर्च करूं नये. जुलै 2022 मध्यें तो पुन्हा दुकानांतून काढला गेला. मे 2023 मध्यें पुन्हा आला.

दिवसाला 3 तास! शाळा, अभ्यास, जेवण आणि झोप यांतून हे 3 तास कोठून काढावयाचे, हें गणित आम्हांस तरी सुटलेलें नाहीं. आणि 7,000 रुपयांत नाशकांतील किती घरांचा महिन्याचा किराणा भरतो, हें पालक जाणतातच. कंपनीची मर्यादा कंपनीच्या सोयीनें ठरते. सरकारची बंदी सरकारच्या कारणांनीं येते आणि उठते. या दोहोंच्या मध्यें मूल असतें, आणि तें आपल्या घरांत असतें.

रक्ताविषयीं आमचें मत येथेंच सांगून टाकतों. बंदुकीचा खेळ खेळणारा मुलगा उद्यां खून करील, अशी भीति कोणी बाळगूं नये. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें 2020 सालीं या विषयावरील संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलें कीं, अशा खेळांमुळें प्रत्यक्ष हिंसा घडते असें म्हणण्यास पुरेसा आधार नाहीं. ओरडणें, ढकलणें असल्या आक्रमक वर्तनाशीं त्यांचा थोडासा संबंध मात्र दिसतो. मधल्या सुट्टींत पटांगणावर उभें राहणाऱ्या कोणाहि शिक्षकास हें ऐकून आश्चर्य वाटणार नाहीं.

समोर कोण बसलें आहे, हा प्रश्न आम्ही सर्वांत मोठा मानतों. एक साधें उदाहरण घेऊं. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनें 2016 सालीं काढलेला लूडो किंग हा खेळ पुष्कळ घरांत आहे. 2020 च्या टाळेबंदींत तर आजीआजोबाहि तो खेळूं लागले. खेळ आपल्या पच्चीशीचाच वंशज. त्यांत रक्त नाहीं, शस्त्र नाहीं. मग तो योग्य कीं अयोग्य? आम्ही म्हणतों, कोणत्या दारानें आंत गेलां तें आधीं सांगा. यंत्राशींच खेळलां, तर तो पत्त्यांच्या पेशन्ससारखा एकट्याचा विरंगुळा. एकच फोन मधोमध ठेवून भावंडांनीं आळीपाळीनें दान टाकलें, तर तो जुना सोंगट्यांचा डावच. पुण्यास राहणाऱ्या मामाशीं येथून खेळलां, तरी उत्तम. परंतु अनोळखी खेळाडूंच्या दारानें गेल्यास समोरचा कोण, कोठला, किती वर्षांचा, हें कळण्यास मार्ग नाहीं. एकाच खेळाला चार दारें, आणि प्रत्येक दाराचें उत्तर निराळें. म्हणून "अमुक खेळ चांगला काय?" या प्रश्नास आम्ही एका शब्दांत उत्तर देत नाहीं, याचा पालकांनीं राग मानूं नये. रोब्लॉक्सच्या बाबतींत तर एका शब्दांत उत्तर देणें अशक्यच. कारण तो एक खेळ नव्हेच, लोकांनीं बनविलेल्या असंख्य लहानमोठ्या खेळांचा तो बाजार आहे. अवघ्या बाजारास एक आंकडा लावणें म्हणजे मेन रोडवरील सर्व दुकानांचा एकच भाव सांगण्यासारखें होय.

अनोळखी दारानें काय येतें, याची एक गोष्ट आमच्या पाहण्यांत आहे. सातवींतील एका मुलीस एका खेळांत एक "मैत्रीण" भेटली. या मैत्रिणीनें प्रथम खेळांतील एक सुंदर पोशाख तिला भेट दिला. मग, येथें नीट बोलतां येत नाहीं असें म्हणून बोलणें दुसऱ्या ॲपवर नेलें. मग छायाचित्र मागितलें. आणि हें घरीं सांगूं नको, असें बजाविलें. मुलगी हुशार होती. यांत कांहीं काळेंबेरें आहे हें तिनें ओळखलें, छायाचित्रहि दिलें नाहीं. तथापि तीन आठवडे ती कोणाजवळ एक शब्द बोलली नाहीं. कां, असें विचारतां ती म्हणाली, "सांगितलें असतें तर फोन काढून घेतला असता." त्या अनोळखी माणसाच्या भयापेक्षां घरच्यांचें भय तिला अधिक वाटत होतें, आणि नेमक्या याच भयावर त्या माणसाचा सारा डाव उभा होता.

पालकहो, यासाठीं एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी, आणि ती मुलांस स्पष्ट शब्दांत सांगावी: जें मूल आपण होऊन येऊन सांगेल, त्याचा फोन त्या सांगण्यापायीं जाणार नाहीं. दिलेला शब्द मग कितीहि राग आला तरी पाळावा. आणि मुलांनो, तुम्हींहि ध्यानांत ठेवा. न मागतां दिलेली भेट, दुसऱ्या ॲपवर येण्याचा आग्रह, छायाचित्राची किंवा पत्त्याची मागणी, आणि "घरीं सांगूं नको" हे शब्द, यांपैकीं एक जरी गोष्ट घडली तरी उत्तर न देतां उठावें व आईवडिलांकडे किंवा शिक्षकांकडे जावें. संभाषण मात्र पुसून टाकूं नये. तेंच पुढें पुराव्यास लागतें. संकटांतील मुलांकरितां 1098 हा नंबर आहे; पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 या नंबरावर जितक्या लवकर कळवावें तितकें चांगलें.

आतां पणाविषयीं. पुष्कळ खेळ फुकट मिळतात, आणि फुकट मिळालेली वस्तु निरुपद्रवी असावी असा आपला समज असतो. परंतु ज्या खेळास दाराशीं पैसे पडत नाहींत, तो ते आंत मागतो. तेथेंहि रुपये म्हणून मागत नाहीं. आधीं रुपये देऊन हिरे, नाणीं किंवा रत्नें घ्यावयाचीं, आणि मग त्यांनीं पोशाख, शस्त्रें किंवा बंद पेट्या विकत घ्यावयाच्या. टाळेबंदीच्या काळांत ऑनलाइन तासांसाठीं दिलेल्या फोनावरून खात्यांतले पैसे थोडेथोडे करून गेले, असें आम्हांस एकाहून अधिक पालकांनीं सांगितलें. मुलानें चोरी केली, असें बापाचें म्हणणें. मुलाच्या मनांत मात्र त्यानें रुपये खर्चलेच नव्हते. हिरे खर्चले होते. दोघेहि खरें बोलत होते. रुपयाचा हिरा करण्यांत हीच तर खुबी आहे कीं, किंमत दिसेनाशी व्हावी.

बंद पेट्यांचा प्रकार याहून वाईट. आंत काय निघेल हें ठाऊक नसतांना पैसे द्यावयाचे, हा जुगार नव्हे तर काय? बेल्जियम देशाच्या जुगारविषयक आयोगानें 2018 सालीं तसाच निर्णय दिला. आपल्या संसदेनें ऑगस्ट 2025 मध्यें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा संमत केला. त्यानें पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ निषिद्ध ठरविले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या कायद्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांवर आहे. बाहुल्याचा पोशाख विकत घेण्यावर नाहीं. तेव्हां प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्यें जाऊन प्रत्येक खरेदीस पासवर्ड मागण्याची सोय चालू करावी, आणि तो पासवर्ड मुलाचा जन्मदिवस ठेवूं नये, एवढें काम पालकांकडे उरतेंच.

डाव संपतो केव्हां? बुद्धिबळाचा डाव मात होतांच संपतो. पटांगणावरचा क्रिकेटचा डाव अंधार पडला म्हणजे संपतो. परंतु कांहीं खेळांची रचनाच अशी असते कीं, ते संपूं नयेत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर सांखळी तुटली, अशी त्यांची योजना. ज्या खेळास शेवट नाहीं, त्यास तो बाहेरून घालून द्यावा लागतो. मात्र तो केव्हां घालावा, यासहि कौशल्य लागतें. तुकडीनें खेळावयाच्या खेळांत एक सामना सुमारें अर्धा तास चालतो, आणि मध्येंच उठणारा आपल्या तीन सोबत्यांस उघड्यावर टाकून जातो. आई जेवावयास हांक मारते, मुलगा "आलों" म्हणतो व येत नाहीं, आणि तो उर्मट झाला असा निष्कर्ष निघतो. वास्तविक त्या वेळीं तो आपल्या सोबत्यांशीं इमान राखीत असतो. हांक सामना सुरू होण्यापूर्वीं मारावी. म्हणजे भांडणाचें कारण पुष्कळ अंशीं राहत नाहीं.

फार वेळ खेळणाऱ्या प्रत्येक मुलास व्यसनी म्हणण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणांत, जें 1 जानेवारी 2022 पासून अमलांत आलें, खेळाचा विकार म्हणून एक नोंद आहे खरी. परंतु खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळासच अग्रस्थान मिळणें, आणि नुकसान दिसत असूनहि खेळणें न थांबणें, हीं लक्षणें असावीं लागतात, तींहि सामान्यतः वर्षभर. दिवाळीच्या सुट्टींत चार दिवस फोनास चिकटलेल्या मुलास हें लागू नाहीं. जो मित्रांकडे जाईनासा झाला, जेवणावरून उठूं लागला आणि रात्रीं जागूं लागला, त्यास लागू असूं शकेल. व अशा वेळीं रागावण्याऐवजीं डॉक्टरांस दाखवावें.

सारेच खेळ त्याज्य, असा या लेखाचा अर्थ कोणी काढील म्हणून दोन खेळांचीं नांवें घेतों. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें 2020 सालीं राजी नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनीं पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावास शोधीत एक मुलगी प्राचीन भारतांतील महालांतून व किल्ल्यांतून फिरते, अशी त्याची कथा. त्यांत त्रिशूळ आहे, लढाई आहे. केवळ मारामारी मोजणारा पालक तो नाकारील. परंतु त्यांत अनोळखी माणूस नाहीं, किंमत एकदांच द्यावयाची आहे, आणि भाऊ सांपडावा म्हणून निघालेली कथा आपल्या शेवटास पोंचते. मोठ्या वर्गांतील मुलांनीं तो खेळल्यास आम्हांस चिंता वाटणार नाहीं. दुसरा माइनक्राफ्ट, ज्यास पालक "ठोकळ्यांचा" म्हणतात. त्यास शेवट असा नाहीं, आणि अनोळखी लोकांच्या जगांतहि त्यांतून जातां येतें. परंतु तें दार बंद ठेवून, केवळ घरें, पूल व शेतें बांधण्याच्या रीतीनें तो खेळला, तर लांकडी ठोकळ्यांहून तो फारसा निराळा राहत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें त्यांत सोमेश्वरचा धबधबा बांधून दाखविला होता. पाणी थोडें चौकोनी होतें, एवढेंच.

येत्या नाताळच्या सुट्टीकरितां इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांस आम्हीं एक काम दिलें आहे. आपण खेळतों त्यांपैकीं एक खेळ आई किंवा वडील, अथवा आजीआजोबा, यांस पुरा एक तास शिकवावा. शिकवितांना फोन त्यांच्या हातीं असावा, विद्यार्थ्याच्या नव्हे. नंतर खेळाचें नांव, त्यावरील वयाचा आंकडा, आंत जाण्याचीं दारें किती, पैसे कोठें व कशाच्या रूपानें मागितले जातात, आणि डाव कसा संपतो, हें वहीच्या एका पानावर लिहावें. खालीं शिकणाऱ्यानें स्वतःच्या हस्ताक्षरांत आपलें मत लिहून सही करावी. दोघांचीं मतें जुळलीं नाहींत तर दोन्ही तशींच ठेवावीं. वह्या शाळा सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारीं वर्गशिक्षकांकडे द्यावयाच्या आहेत.